तुम्ही विचारलंत म्हणून: भारीतले टायर पावसात घसरतात का?

वळवाची पहिली सर पडून गेली की दुकानात हा प्रश्न दिवसातून दोनदा तरी येतो. "काका, भारीतले टायर टाकायचेत. कोरड्याला एक नंबर पकडतात म्हणे. पण पावसात घसरतात का हो?" विचारणारा बहुतेक तिशीतला असतो, गाडी पोटच्या पोरासारखी जपणारा आणि आठ-दहा व्हिडिओ बघून आलेला. सातारा रस्त्यावर माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. नीट उत्तर द्यायचं तर अर्धा तास जातो आणि तोवर रॅम्पवर गाडी अडकून राहते. म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

आधी नावाचा घोळ मिटवू. भारीतले म्हणजे परफॉर्मन्स टायर, वेगात आणि वळणावर जास्त पकडणारे. या टायरांना 'समर टायर' म्हणतात, आणि ते ऐकून एक गृहस्थ जूनमध्ये चारही टायर उतरवून घ्यायला आले होते, उन्हाळा संपला म्हणून! हे नाव बर्फ पडणाऱ्या देशांतलं. पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की हे रबर कडक होतं, म्हणून तिकडे हिवाळ्यासाठी वेगळे टायर ठेवतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद-दुसऱ्या पहाटे पारा तिथवर उतरतो, तेवढं सोडलं तर पुण्याला बारा महिने समरच. पाऊस या नावात धरलेलाच आहे.

आता मुख्य प्रश्न. नवा असताना घसरतो का? नाही. चांगल्या बनावटीचा नवा परफॉर्मन्स टायर ओल्या रस्त्यावर साध्या टायरच्या आधीच थांबतो. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, कारण "जो कोरड्याला चिकटतो तो ओल्याला सुटणारच" असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तेही अगदीच चूक नाही. भाकरी थापताना हाताला पाणी का लावतात? पीठ चिकटू नये म्हणून. रस्त्यावरही तेच होतं. कोरड्यात रबर खडीला अक्षरशः चिकटतं, मध्ये पाण्याचा पापुद्रा आला की हे चिकटणं बरंचसं संपतं. मग उरते ती दुसरी पकड. खडीची टोकं रबरात रुततात, रबर त्यांच्याभोवती दबतं, आणि पुन्हा पसरताना थोडी ताकद गिळून टाकतं. ओल्या रस्त्यावर गाडी मुख्यतः या दुसऱ्या पकडीवर थांबते. ती वाढवायची म्हणून रबरात सिलिका (वाळूच्या जातीची बारीक पूड) घालतात. मिशेलिनने १९९२ च्या सुमारास सिलिकाचा टायर बाजारात आणला, तो खरं तर इंधन वाचावं म्हणून. पण त्यात ओल्यातली पकडही सुधारली आणि मग सगळेच त्या वाटेने गेले. आज भारीतल्या टायरचा पैसा बराचसा या रबरात असतो. नक्षी सगळ्यांना दिसते, रबर कोणी बघत नाही.

अपवाद आहेत. ट्रॅकवर पळवायला बनवलेले, जवळजवळ नक्षीच नसलेले टायर (पायलट स्पोर्ट कप २ सारखे) साचलेल्या पाण्यात भरवशाचे नाहीत. ते घालून जुलैत ताम्हिणी घाटात जाणाऱ्याला मी काय सांगणार?

पण खरी गोम वेगळीच आहे, आणि ती मला माझ्या चुकीतून कळली.

धनकवडीचा एक मुलगा, हिंजवडीला नोकरीला, ऑक्टाव्हिया चालवणारा. २२५/४५ आर १७ मापाचे (यातलं २२५ म्हणजे मिमीमधली रुंदी) भारीतले चार टायर त्याने माझ्याकडूनच चढवून घेतले होते. चौथ्या वर्षीच्या मेमध्ये तो आला. टायर घासलेले, पण कायद्यात बसणारे. आपल्याकडे कारच्या नक्षीची खोली किमान १.६ मिमी लागते आणि त्याचे उंचवटे खाचेच्या तळाशी दिलेलेच असतात. गेज घातलं, अडीच भरली. नवा टायर साधारण साडेसात-आठ मिमीचा असतो. तो खुशीत होता. म्हणाला, "काका, आता तर गाडी रुळावरून चालल्यासारखी वळते. नवे असताना एवढी मजा नव्हती." मी चाकं फिरवून बघितली. फुगा नाही, कट नाही. आणि बोलून गेलो, "निघेल हा पावसाळा."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. वारज्याजवळ हायवेवर डाव्या बाजूला पाणी साचलं होतं, गाडी ऐंशीच्या आसपास होती. "स्टिअरिंग एकदम हलकं झालं काका, लोण्यात फिरवल्यासारखं. मी वळवतोय आणि गाडी सरळच चाललीय." गाडी मागून झोपाळ्यासारखी फिरली आणि मागचा कोपरा दुभाजकावर आदळला. मागे ट्रक नव्हता म्हणून निभावलं. मला तो एका शब्दाने बोलला नाही. "टायर खराब निघाले," एवढंच म्हणाला. टायर खराब नव्हते. मी मेमध्ये कोरड्या फरशीवर बघितले होते.

टायर झिजतो तसा तो कोरड्यावर सुधारतो. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं, पण नक्षीचे ठोकळे उंच असले की जोर पडल्यावर ते हलतात, वाकतात. झिजून बुटके झाले की ताठ उभे राहतात, आणि गाडी हाताच्या इशाऱ्यावर वळायला लागते. शर्यतवाले लोक यासाठी नवा टायर मुद्दाम तासून घेतात. त्या मुलाला मेमध्ये जी मजा येत होती ती अगदी खरी होती. त्याच दिवसांत ओल्यातली ताकद मात्र खालून निघून चालली होती, आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत पुण्यातला रस्ता ती गोष्ट कोणालाच सांगत नाही.

मला चैन पडेना. खेड शिवापूरच्या बाजूला एका गिऱ्हाइकाच्या भावाचं प्लॉटिंग आहे, आत नवा डांबरी रस्ता आणि घर एकही नाही. एका रविवारी सकाळी तिथे गेलो. त्या मुलाची दुरुस्त झालेली ऑक्टाव्हिया, ते जुने चार टायर आणि त्याच मॉडेलचे नवे चार, एक जॅक, दुकानातली दोन पोरं. आणि पाण्याचा टँकर! पुण्यात टँकर बोलावून ते पाणी रस्त्यावर ओतायचं, माझी बायको अजून ते पाप काढते.

कोरड्यावर ६० ला ब्रेक दाबला. चुन्याची रेघ मारून पावलांनी मोजलं. जुना टायर नव्यापेक्षा अलीकडे थांबला, फार नाही, दोन-अडीच फूट. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मग टँकरवाल्याने नळ सोडून रस्त्यावरून दोन चकरा मारल्या आणि परत तेच केलं. नवा टायर कोरड्यापेक्षा थोडा पुढे जाऊन थांबला. जुना थांबला तो त्याच्याही पुढे, जवळजवळ एक गाडी पलीकडे. तिन्ही वेळा तेच. पावलं मोजून काढलेला हिशोब आहे हा, प्रयोगशाळेतला नव्हे. पण एक गाडी म्हणजे किती, हे सिग्नलला पुढच्या गाडीच्या मागे उभं राहिल्यावर कोणालाही दिसतं.

आणि तो तर नुसता ओला रस्ता होता. साचलेल्या पाण्यात हिशोब आणखी बिघडतो. २२५ मिमी रुंदीचा टायर, रस्त्यावर २ मिमी पाणी, वेग ताशी ८०. गुणाकार केला तर एका चाकाला दर सेकंदाला १० लिटर पाणी बाजूला सारायचं आहे. म्हणजे अंघोळीची १५ लिटरची बादली दीड सेकंदात, आणि तीही तळहाताएवढ्या जागेखालून. रस्त्याला टेकतो तो भाग तेवढाच असतो. हे पाणी जायचं कुठून? थोडं पुढे-बाजूला फेकलं जातं, बाकीचं खाचांमधून. खाच आठ मिमीची अडीच झाली की ती वाट तिहाईवर येते. मग पाणी टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि चाक वर उचललं जातं. स्टिअरिंग हलकं लागतं ते त्याच क्षणी, कारण चाक रस्त्यावर नसतंच. तिथे सिलिका-बिलिका काही कामाला येत नाही.

यातून एक गोष्ट आपोआप निघते, ती शौकिनांना आवडत नाही. टायर जितका रुंद तितकं सारायचं पाणी जास्त. कंपनीने १९५ दिलाय तिथे २२५ चढवून गाडी दिसते छान, कोरड्याला धरतेही छान, पण नक्षी झिजल्यावर पाण्यावर आधी तीच तरंगते. वर रिमही मोठं केलं असेल तर टायरची भिंत बोटभर उरते आणि पहिल्याच खड्ड्यात फुगा येतो. फुगा आलेला टायर मी दुरुस्त करत नाही, कितीही हात जोडले तरी.

दुसरा जुना समज म्हणजे पावसात हवा कमी ठेवली की टायर पसरतो आणि पकड वाढते. वाळूत गाडी रुतली असेल तर ठीक आहे. पाण्यात बरोबर उलटं होतं. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या चाकांवर अभ्यास केला, त्यातून एक साधं सूत्र निघालं: चाक पाण्यावर तरंगायचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. त्या सूत्रात ३३ पीएसआय घातलं तर वेग येतो ताशी ९६ किलोमीटर, २५ घातलं तर ८३. कारचा टायर विमानासारखा नसतो आणि नक्षीवर बरंच अवलंबून असतं, तेव्हा हे आकडे आपल्या गाडीला जसेच्या तसे लावू नका. पण हवा कमी तर तरंगणं लवकर, यात फरक पडत नाही. दरवाजाच्या चौकटीवर जो आकडा चिकटवलाय तेवढी हवा ठेवा. नायट्रोजन भरा नाहीतर साधी हवा भरा, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरवर काय वाचायचं, हेही विचारतात. कडेला ट्रेडवेअर (झीज), ट्रॅक्शन (पकड), टेंपरेचर (उष्णता) असं अमेरिकन मापाचं छापलेलं असतं. त्यातलं ट्रॅक्शन, म्हणजे एए, ए, बी, सी, हे फक्त ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर सरळ ब्रेक मारून काढलेलं असतं. युरोपच्या लेबलावरही ओल्यातली पकडच असते. आपल्याकडे २०२२ साली सरकारने नियम आणला त्यातही ओल्यातली पकड, घरंगळायला होणारा विरोध आणि आवाज अशा तीन गोष्टी आहेत. कोरड्यातली पकड यांतल्या एकातही मोजलेली नाही. कोरड्यावर बरेचसे टायर आपल्यासारख्यांना पुरून उरतात, असाच मी तरी याचा अर्थ लावतो. आणि ही सगळी मापं नव्या टायरची असतात. अडीच मिमीला काय होईल ते कोणी टायरवर छापत नाही.

टायर कधी बनला ती चार आकडी तारीख मात्र बघाच. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. ज्यांची गाडी वर्षाला चार हजार किलोमीटरही फिरत नाही त्यांची नक्षी सहा वर्षांनंतरही नवीकोरी दिसते, पण उन्हात उभं राहून रबर लाकडासारखं झालेलं असतं. नखाने दाबून बघा.

चढवताना बघायची एक गोष्ट. भारीतल्या बऱ्याच टायरांची आतली आणि बाहेरची नक्षी वेगळी असते. बाहेर मोठे ठोकळे असतात ते कोरड्या वळणासाठी, आत पाणी काढायला जास्त खाचा. बाहेरच्या भिंतीवर 'आउटसाइड' लिहिलेलं असतं. घाईत उलटा चढवला तरी टायर बसतो, बॅलन्सही होतो. आमच्याकडे एकदा असा चढला होता, गाडी गेटबाहेर पडता पडता मला दिसला. आता पोरांना गाडी खाली उतरवायच्या आधी चारही चाकांवर तो शब्द बोट ठेवून वाचायला लावतो.

आणि दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे टाकतो. यावर रोज भांडण होतं. "काका, गाडी पुढून ओढते, नवे पुढे टाका." पुढचं चाक तरंगलं तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की परत रस्त्यावर येते. मागचं तरंगलं तर ऑक्टाव्हियाचं झालं ते होतं.

तर त्या रविवारनंतर मी माझा आकडा बदलला. १.६ कायद्याचा राहू दे. मेमध्ये गेजवर ३ च्या खाली दिसलं की मी "निघेल" म्हणत नाही. तीन पावसाळे झाले. काहींना वाटतं काका धंदा करतात. करतोच की, दुकान आहे.

तो मुलगा अजून येतो. त्या प्रयोगातले जुने चार टायर त्याने परत नेले नाहीत, दुकानाच्या मागे रचून ठेवलेत. गेल्या महिन्यात चिंचवडचा एक जण ते मागायला आला. त्याला कोइंबतूरच्या ट्रॅकवर गाडी पळवायला न्यायचेत, कोरड्यावर ते अजून एक नंबर आहेत. देऊन टाकले. जाताना टायर गाडीतून न्यायचे, गाडीखालून नाही, एवढं बजावलंय. आणि तिकडे पाऊस लागला तर चढवायचेच नाहीत, हेही.