तुम्ही विचारलंत म्हणून : मामांची पावती

“राजकीय समाजशास्त्र म्हणजे पुढारी व्हायचं शिक्षण काय?” खानापूर-बेळगाव बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, अ‍ॅडमिशनच्या दिवसांत हा प्रश्न मला हमखास येतो. मी एका डिग्री कॉलेजात गेस्ट लेक्चरर आहे. समाजशास्त्र शिकवते आणि शेवटच्या वर्षाचा हा पेपर माझ्याकडे असतो. यंदा एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मात्र जरा वेगळं विचारलं. “मॅडम, आमच्या भागात राजकारण पोरांना पाळण्यातच कळतंय की. मग ते कॉलेजात कशाला शिकायचं?” मागे रांग होती, त्यांना नीट काही सांगता आलं नाही. ते इथं सांगते.

त्यांचं म्हणणं खरं आहे. माझं माहेर नंदगडच्या बाजूचं. 1 नोव्हेंबर 1956ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन, 1 नोव्हेंबरला काळा दिन आणि दंडाला काळी फीत. त्याच दिवशी शहरात कर्नाटकाच्या स्थापना दिनाची, राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे. सीमावादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगानं 1967 साली बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवायला सांगितलं, पण निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यायला सांगितलं. ती गावं काही महाराष्ट्रात गेली नाहीत. 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. हे सगळं आमच्या घरात चहाच्या कपाबरोबर बोललं जायचं, आणि राजकारण म्हणजे एवढंच, असं मी धरून चालले होते. आपल्यावर अन्याय झालाय, तो करणारे तिकडे आहेत आणि सोसणारे आपण इकडे. अन्याय झालाय हे मी आजही म्हणते. पण ‘आपण’ या शब्दात कोण कोण बसतं, हा प्रश्न मला कॉलेजात जाईपर्यंत पडला नव्हता.

आमचे सर बैलहोंगल भागातले, घरची भाषा कन्नड. वर्गात इंग्रजी आणि कन्नड, आणि आमच्यासाठी अडखळत मराठी. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, सत्ता कुठं असते? कुणी बंगळुरू म्हटलं, कुणी दिल्ली, मी मुंबई म्हटलं. सरांनी काही खोडलं नाही. म्हणाले, घरातला सरकारी शिक्क्याचा एक कागद आणा, कुठलाही. तो कुणाच्या नावावर आहे, कोणत्या भाषेत आहे, तो मिळवायला कोण कुठं गेलं होतं, पैसे कुणी भरले, हे विचारून या.

मी गेले मामांकडे. मामा बेळगाव तालुक्यातले, महाराष्ट्रात जाण्यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे जुने कार्यकर्ते. त्यांच्या ट्रंकेत वरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पावती असते, 500 रुपयांची. घडीवर फाटत आलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. 1996च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून आमच्या लोकांनी घाऊक अर्ज भरले होते, आणि त्यातले एक मामा. ती त्यांची अनामत रकमेची पावती. किती मतं पडली ते मामा सांगत नाहीत. पावती मात्र दोन्ही हातांनी धरून दाखवतात.

ती पावती घेऊन मी वर्गात गेले तेव्हा मला वाटलं होतं, सर विषय बदलतील. त्यांनी तासाचा तास त्या एका कागदावर घालवला. त्याच निवडणुकीत तेव्हाच्या आंध्रातल्या नळगोंड्यात 480 उमेदवार उभे होते, हे त्यांनीच सांगितलं. तिथला प्रश्न पाण्याचा होता. फ्लोराइडचं पाणी पिऊन हाडं वाकलेली गावं, आणि रखडलेलं सिंचन. ना त्यांना आपली भाषा माहीत, ना आपल्याला त्यांचं पाणी, आणि हत्यार मात्र दोघांनी एकच उचललं. मत मागायचा अर्ज त्यांनी गाऱ्हाण्याचा अर्ज करून टाकला. त्याच वर्षी कायदा बदलला आणि लोकसभेची अनामत 500 वरून 10,000 झाली, म्हणजे पुन्हा कुणाला असं सहज उभं राहता येऊ नये. सर म्हणाले, व्यवस्था उत्तर कसं देते ते बघा. पाणीही मिळालं नाही, गावंही हलली नाहीत, फक्त दाराचा उंबरठा वाढला. माझ्या मामांच्या कागदाला कुणीतरी इतक्या गंभीरपणे घेतोय आणि तो माणूस कन्नड आहे, हे त्या दिवशी मनात कुठंतरी खोल जाऊन बसलं.

मग त्यांनी विचारलं, हे 500 कुणाचे?

मला माहीत नव्हतं. मामांचेच असणार. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. मामा म्हणाले, “माझेच की. आणि कुणाचे?” मामी भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी परतून ती म्हणाली, “दुधाच्या वहीतले होते ते. माझ्या म्हशीचे.” मामा गप्प झाले. मी विचारलं, “मामी, तुला विचारलं नाही का कुणी?” ती म्हणाली, “बायकांना कोण विचारतंय गं? आणि खरं सांगू, विचारावं असं मलाही कुठं वाटलं?” आणि मग माझ्याकडे बघून, “असलं काय शिकूलालीस गं तू?”

आता त्या विद्यार्थिनीच्या वडिलांना जे सांगायचं होतं ते इथून सुरू होतं. स्टीव्हन ल्यूक्स नावाच्या अभ्यासकानं 1974 साली सत्तेचे तीन थर मांडले. पहिला उघड दिसतो: भांडण होतं, एकाचं चालतं, दुसऱ्याचं चालत नाही. दुसरा थर म्हणजे काही प्रश्न चर्चेला येऊच द्यायचे नाहीत. तिसरा सगळ्यात खोल: ज्याचं नुकसान होतंय त्याला ते नुकसान वाटतच नाही, प्रश्न मनातच उगवत नाही. इंग्रजी नोट्समधून मी हे तीनदा वाचलं होतं आणि तीनदा डोक्यावरून गेलं होतं. मामीच्या दोन वाक्यांत दुसरा आणि तिसरा थर एका दमात होता. कोणी विचारलं नाही. मलाही वाटलं नाही. 456 नावांच्या त्या यादीत मामांचं नाव होतं, यादीत जायचे पैसे मामीचे होते, आणि लढा ‘आपल्या सगळ्यांचा’ होता.

म्हणून मामांचा लढा खोटा ठरतो का? अजिबात नाही. हा विषय शिकलेल्या काही मुलांना घरच्या माणसांचा उगीच राग यायला लागतो, ते मला पटत नाही. मामांनी पदरमोड केली, मार खाल्ला, कुठलं पद मागितलं नाही. मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ म्हणतो, निव्वळ जबरदस्तीवर राज्य फार दिवस चालत नाही, लोकांनी ते मनातून मानावं लागतं. त्या मानण्याला आमच्या पुस्तकात अधिमान्यता म्हणतात. मामांनी आयुष्यभर कर भरला, रेशन घेतलं, बसला तिकीट काढलं, आणि तरीही एका गोष्टीला मनातून मान्यता दिली नाही. ही छोटी गोष्ट नाही.

ती का दिली नाही, हे कचेरीच्या खिडकीशी उभं राहिल्यावर कळतं. मी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला असताना आत्याला घेऊन एका कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेले होते. अर्ज मराठीत लिहिला होता. आतल्या माणसानं तो वाचलाही नाही, बोटानं परत सरकवला. ओरडला नाही, अपमानाचा शब्द काढला नाही. आत्या बाहेर येऊन पायरीवर बसली आणि पदरानं चष्मा पुसत राहिली. नोकरशाहीचं बळ तिच्या लेखी नियमांत असतं, ती माणूस बघत नाही, कागद बघते, असं वेबर सांगतो. पण कागदाची भाषाच ज्याला वाचता येत नाही, त्याच्यापुढे हा सारखेपणा सारखा कसा राहील? भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं असं राज्यघटनेचं 350अ कलम सांगतं. 1956च्या राज्यरचनेबरोबरच ते घटनेत आलं. भाषेच्या रेषा कशाही आखल्या तरी रेषेपलीकडे कुणीतरी उरणार, हे तेव्हाच्या लोकांना ठाऊक होतं. मराठीतून कागद मागणं हा हट्ट नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी वर्गात कन्नड मुलांसमोरही सांगते. ती ऐकून घेतात. सोलापूर-अक्कलकोटकडच्या कन्नड लोकांचं काय, असंही विचारतात, आणि विचारायलाच हवं.

मामांना सगळ्यात जड गेलं ते 2018. विधानसभेत समितीचा एकही माणूस निवडून आला नाही. 2023लाही तेच. 2021ला बेळगाव महापालिकेत पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हांवर निवडणूक झाली आणि 58पैकी 35 जागा भाजपला गेल्या. मामा म्हणाले, लोक फितूर झाले. मी त्यांना रॉबर्ट मिकेल्स या समाजशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्यानं 1911 साली लिहिलं की समतेसाठी उभी राहिलेली संघटनासुद्धा हळूहळू मोजक्या माणसांच्या मुठीत जाते, आणि त्या माणसांना संघटनेच्या कामापेक्षा आपली खुर्ची मोठी वाटायला लागते. मामा बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “त्यानं आमच्या बैठका बघितल्यात काय?” गटबाजी, एकाच जागेवर आपलेच दोन उमेदवार, तीच ती नावं, हे त्यांनी माझ्यापेक्षा जवळून पाहिलं होतं. राष्ट्रीय पक्षही मराठी माणसाला तिकीट देऊ लागले, पोरं नोकरीला पुण्याला-गोव्याला गेली. मराठी माणूस मराठीच राहिला, मत देताना त्याच्या मनात आणखी चार गोष्टी आल्या, एवढंच. फितुरी हा शब्द त्यानंतर मामांच्या तोंडून कमी झाला, याचं मला फार समाधान आहे.

‘व्होट बँक’ हा शब्द टीव्हीवर दिवसातून पन्नास वेळा येतो. तो समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1955 साली एका लेखात वापरला, म्हैसूरजवळच्या एका खेड्याचा अभ्यास करताना. त्यांच्या त्या अभ्यासाच्या टिपणांच्या तिन्ही प्रती 1970 साली अमेरिकेत एका आगीत जळाल्या, आणि मग त्यांनी आठवणीतून ते गाव लिहून काढलं. सरांनी हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता. मी तेव्हापासून माझ्या वह्या दोन ठिकाणी ठेवते.

आणि नंदगड. माझ्या गावाजवळचं, म्हणून मी त्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी 26 जानेवारी 1831 रोजी फाशी दिली ती नंदगडला. कन्नड माणसाचा एवढा मोठा वीर, आणि त्याची समाधी मराठी बोलणाऱ्या गावाशी. तिथल्या वडाला मूल व्हावं म्हणून बायका नवस बोलून पाळणे बांधतात. एम.ए.च्या प्रोजेक्टसाठी मी तिथं बसले, तेव्हा एक बाई पाळण्याची दोरी आवळत होती. मी मराठीत विचारलं, तिनं कन्नडमध्ये उत्तर दिलं. शेजारच्या म्हातारीनं ते मला मराठीत सांगितलं आणि माझा पुढचा प्रश्न तिला कन्नडमध्ये. म्हातारीची घरची भाषा कोणती ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. 1981ला निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी शरद जोशींबरोबर तंबाखूच्या भावासाठी रस्ता अडवून धरला, पोलिसांच्या गोळ्याही झेलल्या, तेव्हाही भाषेची रेघ मागे पडून भावाची रेघ पुढे आली होती. आपल्या समाजात अशा भेगा एक नाही, अनेक असतात. कोणती कधी रुंदावते आणि ती रुंदावण्यात कुणाचा हात असतो, हे बघणं म्हणजे आमचा पेपर.

आता मीही वर्षाच्या सुरुवातीला पोरांना घरातला कागद आणायला सांगते. यंदा एका मुलीनं ग्रामपंचायतीच्या बैठकीची नोटीस आणली. तिची आई सदस्य आहे. कर्नाटकात 2010पासून पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. नोटीस आईच्या नावानं, कन्नडमध्ये. आईला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. नोटीस घेतात वडील, बैठकीला जातात वडील, आईची सही नंतर घरी होते. वर्गात पोरं हसली. मी हसू दिलं नाही. म्हटलं, ही नोटीस आईला कधी वाचून दाखवलीस का?

चार दिवसांनी ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. रात्री जेवणं झाल्यावर आईला समोर बसवून एकेक मुद्दा मराठीत सांगत गेली म्हणे. पहिला मागच्या बैठकीच्या इतिवृत्ताचा, दुसरा घरपट्टीचा. तिसरा त्यांच्याच गल्लीतल्या नळाच्या कामाचा होता, काम पूर्ण झाल्याचा आणि बिल मंजूर करायचा. आई तोवर डाळ निवडत ऐकत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “थांब. हे परत वाच.”