हळद, लसूण आणि बेंटोनाइट: ब्रॉयलरच्या खाद्यात किती आणि कसं

कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर भारतात 2019 मध्ये बंदी आली, तेव्हापासून पर्यायांची विचारणा वाढली. पण हळद म्हणजे अँटिबायोटिक नव्हे. लागण झाल्यावर ती देत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.

100 किलो खाद्याला हळद पावडर 500 ग्रॅम, वाळवलेल्या लसणाची पावडर 500 ग्रॅम. थेट ओतली तर एका घमेल्यात जास्त, दुसऱ्यात काहीच नाही. म्हणून आधी 5 किलो मक्याच्या भरड्यात कालवा, मग ते सगळ्या खाद्यात. लसूण वाढवला तर उग्र वासाने पक्षी खाद्य कमी खातात. हळकुंडं घेऊन दळलेली बरी. तयार पावडरीत रंगासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, मिसळलेला कधी कधी सापडतो.

पावसाळ्यात मक्याला बुरशी लागते, तिथे बेंटोनाइट ही माती उपयोगी: 100 किलोला 500 ग्रॅम ते 1 किलो. ते अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष धरून ठेवतं, इतर बुरशीविषांवर फारसं चालत नाही. शिवाय टायलोसिनसारखी अँटिबायोटिक औषधं आणि कॉक्सिडिओसिसची (आतड्यातल्या परजीवीच्या रोगाची) काही औषधंही ते धरतं, त्यामुळे बेंटोनाइट आणि ही औषधं एकत्र देऊ नका. आणि खाली अंथरलेलं तूस ओलं, शेडमध्ये अमोनिया डोळ्यांना झोंबतोय, तर खाद्यात काही घालण्याआधी पाण्याचं निपल कुठे गळतंय ते बघा!