पाणी नसलेल्या बेटावर, भर मे महिन्यात

मे महिन्यात जो तो कोकणात नाहीतर महाबळेश्वरला पळतो, आम्ही गेलो बेटावर, तेही स्वारगेटची बस पकडून. म्हणजे पुण्यातल्या सारसबागेत. सोबत आत्या आणि सुट्टीला आलेला भाचा.

आधी पर्वती, असा आत्याचा हुकूम, वरून बघितल्याशिवाय खालचं काही कळत नाही म्हणे. 103 पायऱ्या, आत्याची सत्तरी उलटलीय तरी बाई आमच्या आधी वर. तिथून खाली हात करून तिने भाच्याला सगळं समजावलं, की नानासाहेब पेशव्यांनी पायथ्याशी आंबिल ओढ्याच्या पाण्यावर तळं करवून घेतलं, मध्ये जमिनीचा एक तुकडा तसाच ठेवला, आणि पुढे 1784 मध्ये सवाई माधवरावांच्या काळात त्या बेटावर गणपती बसला. तळ्यातला गणपती तो हाच. तळं विसाव्या शतकात बुजलं, आता तिथे हिरवळ आणि योगावाले काका-काकू.

खरी गंमत खाली उतरल्यावर. रस्त्यावरून बागेत शिरताना आपण पायऱ्या उतरतो आणि देवळाशी जायला परत चढतो, इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, देवळाकडे तोंड करून सरळ चालायचं एवढंच माहीत. यावेळी भाचा हिरवळीच्या मधोमध थांबून म्हणाला, "आत्ता आपण पाण्याखाली ना?" मग काय, देवळापर्यंत स्वारी हात मारत पोहत आली, लोक बघतायत, आत्या हसतीये.

देवळाभोवती अजून छोटी कमळाची तळी आहेत. एक कासव काठाच्या दगडावर चढायला बघत होतं, पुढचे दोन पाय वर, नखं दगडावर खरवडतायत, आणि शेवाळावरून सर्रकन परत खाली, पुन्हा तेच. भाचा तिथून हलेना. हा गणपती थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतो, आत्ता मात्र उघडा, त्याचं बरंय.

नऊलाच ऊन चटके द्यायला लागलं म्हणून शेजारच्या पेशवे पार्कच्या सावलीत घुसलो. पूर्वी इथे प्राणिसंग्रहालय होतं, नंतर प्राणी कात्रजला गेले. आत्या लहानपणी टिळक रोडच्या मागे राहायची, रात्री अंथरुणात सिंहाची डरकाळी ऐकू यायची आणि तिची आई म्हणायची, झोप, नाहीतर तो येईल. इथली मुलांची छोटी आगगाडी फुलराणी 1956 पासूनची, तिचे रूळ बघून आत्या आमच्यापेक्षा जास्त खूश. वडाच्या फळांवर तांबट आणि राखी धनेश तुटून पडले होते, धनेश एकेक फळ चोचीच्या टोकात धरून मान मागे टाकतो आणि अलगद घशात सोडतो, आपण शेंगदाणे उडवून खातो ना तसं. खाली सोनमोहोराचा पिवळा सडा, त्यावर कोणीतरी वेफर्सची रिकामी पाकिटं टाकलेली. डोकं फिरतं अशाने.

बाहेर गार नीरा प्यायलो, भेळेच्या गाड्या इतक्या सकाळी कुठून असणार. जाणार असाल तर उजाडताच निघा, पाण्याची बाटली न्या, आणि चतुर्थीला चुकूनही जाऊ नका, बेट सोडा, पाय ठेवायलाही जागा मिळायची नाही.