उन्हात चमकणारं पोरगं

"हाऊ पोऱ्या जेवस का नही काही?"

माय टीव्हीकडे बघत विचारत होती. मी पलीकडच्या खोलीत कूलरसमोर पालथा पडलो होतो. मे महिना, जळगाव, दुपारचे दोन. या वेळेला आमच्याकडे माणूस झोपत नाही, जागाही राहत नाही, नुसता पडून असतो. पण मायच्या प्रश्नाने उठून बसलो, कारण कोण पोऱ्या आणि तो का जेवत नाही, हे कळणं गरजेचं होतं.

पोऱ्या म्हणजे ट्वायलाइटमधला एडवर्ड. पुतणी सुट्टीत सिनेमे बघतेय, त्यातला हा २००८ चा. सिनेमा चालू असताना ती आजीला मराठीत सांगत होती. चुंबनाच्या जागी मात्र तिला पाणी प्यायला उठावं लागत होतं.

"आजी, तो जेवत नाही. तो रक्त पितो. पण माणसांचं नाही, जनावरांचं."

"तरीच तोंड उतरेल शे," माय म्हणाली.

मला सिनेमापेक्षा सिनेमा बघणारी माणसं बघायला जास्त आवडतं. खोड म्हणा. थिएटरमध्येही माझं अर्धं लक्ष मागच्या रांगेकडे असतं. आपल्याला सिनेमा आवडला की नाही, हेही मला चार लोक बोलल्याशिवाय नक्की कळत नाही. बायको म्हणते, तुला स्वतःचं मत नाही. असेल बुवा. मी अजून दोघांना विचारून सांगतो.

ही खोड गावातली. अमळनेरकडचं आमचं गाव, आणि उन्हाळ्यात भाड्याने आणलेला व्हिडिओ. टीव्ही ओट्यावर, माणसं खाली अंगणात. ज्याने त्याने आपली खाट आणायची, बायकांनी गोधड्या. पहिले दोन सिनेमे देवाचे आणि मारामारीचे, आणि मध्यरात्र उलटली की भुताचा. भुताच्या सिनेमाला कुणी गप्प बसत नसे. हिरॉईन कंदील घेऊन वाड्यात शिरली की अंगणातून आवाज यायचा, "मांगे दख व बाई, मांगे!" ती बघायची नाही. मग तिच्या अकलेवर, तिच्या आईबापांवर, एवढ्या रात्री तरण्या पोरीला एकटी सोडणाऱ्या घरावर चर्चा. एकदा भूत दार उघडणार नेमकं तेव्हाच लाईट गेली. अर्धा तास वाट बघितली, आली नाही. घरी मात्र एकटं जायला कुणी तयार नव्हतं. शेवटी सगळं अंगण घोळक्याने निघालं आणि एकेकाला त्याच्या दाराशी सोडत गेलं. शेवटच्याला कोण सोडणार, हा प्रश्न तेव्हा कसा सुटला, आठवत नाही. सकाळी हापशीवर त्या सिनेमाचे पाच शेवट तयार होते. खरा आजतागायत मला माहीत नाही, आणि त्या पाचांहून तो चांगला असेल असं वाटतही नाही.

तर उठून बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. तोवर वहिनीही कैरीच्या फोडींना मीठ लावत येऊन टेकली होती. पडद्यावर एडवर्ड रात्री हिरॉईनच्या, त्या बेलाच्या खोलीत शिरून तिला झोपलेली बघत होता. पुतणीने उसासा सोडला.

"यात उसासे काय टाकतेस?" वहिनी म्हणाली. "आपल्या गल्लीत कुणी असा खिडकीतून शिरला तर तुझे पप्पा त्याला काय करतील?"

"मम्मी, तो शंभर वर्षांचा आहे."

"मग तर आणखीनच वाईट."

दादा पेपर वाचत होता, म्हणजे सिनेमा बघत होता. त्याचा आक्षेप शैक्षणिक. हा मुलगा १९१८ पासून सतरा वर्षांचा आहे, आणि दर गावी नव्याने शाळेत नाव घालतो. घराच्या भिंतीवर पदवीदानाच्या टोप्या लावून ठेवल्यात. "इतक्या वेळा पास होऊन पुन्हा अकरावीच? याला कुणी डिप्लोमाचं सांगितलं नाही का?"

मग तो सूर्यप्रकाशाचा प्रसंग आला. जुन्या कथांतला ड्रॅक्युला, म्हणजे ब्रॅम स्टोकरचा १८९७ मधला, दिवसाही फिरायचा, फक्त त्याची शक्ती कमी व्हायची. उन्हाने मरायचं खूळ १९२२ च्या एका जर्मन मूकपटाने काढलं. ट्वायलाइटवाल्यांनी तेही सोडलं. यांची कातडी उन्हात हिऱ्यासारखी चमकते. चमकलं की लोकांना कळतं, म्हणून ही मंडळी फोर्क्स नावाच्या गावात राहतात. वॉशिंग्टन राज्यातलं हे गाव, जिथे बारमाही ढग आणि पाऊस. हे सगळं मी पाठ केल्यासारखं सांगितलं. कुणी ऐकलं नाही. वहिनी एवढंच म्हणाली, "चमकतो ना? मग सराफ बाजारात उभा करा. वजन तरी होईल."

मला आपलं वाटत होतं, बरं झालं ते फोर्क्सला गेले. जळगावला आले असते तर मार्चपासून जूनपर्यंत बिचाऱ्यांनी करायचं काय? पण खरं तर कुणाला पत्ताही लागला नसता. इथे बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं नसतं. गाडीवर जो तो डोक्याला रुमाल, तोंडाला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात मोजे घालून. पंचेचाळीसच्या उन्हात आतला माणूस चमकतोय की वितळतोय, कोण बघतो? दिवेलागणीला सगळं शहर बाहेर पडतं, रसाच्या गाडीवर. लसणाची तेवढी अडचण झाली असती. सिनेमातली ही मंडळी लसणाला भितात की नाही, कोण जाणे. पण जुन्या जातीचा एखादा असता तर आमच्या भरिताच्या पंगतीला बसवून बघायला हवं होतं.

मायचं मत मात्र पहिल्या अर्ध्या तासात झालं होतं. "मुंज्या शे तो."

पुतणीला ते पटलं नाही. मुंज्या पिंपळावर असतो, याच्याकडे गाडी आहे.

"पिंपय नही व्हयी तठे," माय म्हणाली.

मुंज्या आमच्याकडे घरचाच. यावल तालुक्यात अट्रावलला तर माघात मुंजोबाची यात्रा भरते. आमचा मुंजोबा साधा, शेताच्या बांधावर, शेंदूर लावलेला एक दगड. घरात लग्न ठरलं की पहिली पत्रिका त्याला. माझ्या लग्नातही दादा भर उन्हात मोटारसायकलवर जाऊन ठेवून आला होता. कोण, कशाचा, हे कधी विचारलं नव्हतं. दगडाला कोण विचारतं?

पडद्यावर तेवढ्यात कळलं की एडवर्ड १९१८ च्या साथीत मरायला टेकला होता आणि एका डॉक्टरने त्याला असा करून ठेवला. पुतणीने सांगितलं, स्पॅनिश फ्लू.

"कोनता साली?" मायने पुन्हा विचारलं.

"एकोणीसशे अठरा."

माय थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मानमोडी."

तिच्या सासऱ्यांचा थोरला भाऊ. सतरा वर्षांचा, लग्न ठरलेलं. मानमोडीत, म्हणजे त्याच साथीत, तीन दिवसांत गेला. गावात तेव्हा न्यायलाही माणसं उरली नव्हती, असं तिची आजेसासू सांगायची. आजेसासू म्हणजे त्या मुलाची आई. माय लग्न होऊन आली तेव्हा ती म्हातारी होती, आणि घरात कुणालाही हळद लागायची असली की आधी वाटीभर घेऊन बांधावर जायची. पत्रिका नंतरची. छापायला लागल्यापासूनची.

"त्यानी माय कोठे शे?" तिने टीव्हीकडे बोट केलं.

पुतणीने पुस्तकंही वाचलेली. म्हणाली, "तीही त्याच साथीत गेली. जाता जाता डॉक्टरला सांगून गेली, माझ्या मुलाला वाचव."

दादाने पेपर खाली ठेवला. कूलरची मोटर कोरडी फिरायला लागली होती, कुणी उठलं नाही.

सिनेमा संपला. पुतणी बंद करायला गेली.

"आखो शे का पुढे?"

"आहे ना आजी. अजून चार आहेत."

"लगीन व्हस का त्यानं?"

"हो. चौथ्या भागात."

"मंग तो लाव."