अंगठा पळतो, कीबोर्डवर बोट अडतं

जपान म्हटलं की आपल्याकडे रोबोट आठवतात. आमची मावशी फोनवर हमखास म्हणते, "तिकडची पोरं काय, पाळण्यातच कॉम्प्युटर शिकत असतील!" तोक्योत शेजारच्या मुलांना अभ्यासात मदत करताना मला मात्र वेगळंच दिसतं. पंधरा-सोळा वर्षांच्या बऱ्याच मुलांना कॉम्प्युटर नकोसा वाटतो. फोन त्यांचा स्वतःचा, कॉम्प्युटर शाळेचा आणि ऑफिसला जाणाऱ्यांचा, अशी सरळ वाटणी त्यांच्या मनात झालेली असते.

शेजारची मुलगी आपल्याकडच्या अकरावीच्या वयाची. दोन पानांचा अहवाल तिने माझ्यासमोर फोनवर एका अंगठ्याने लिहिला, तोही गप्पा मारता मारता. मग तो शाळेच्या लॅपटॉपवर घेऊन दुरुस्त करायचा होता. तिथे तिची तर्जनी एकेक अक्षर शोधत फिरायला लागली. "किती कटकट आहे हो ही," ती म्हणाली, आणि मला ते पटलं.

कारण जपानी फोनवरचा कीबोर्ड आपल्या बाराखडीसारखा चालतो. 'का'च्या बटणावर नुसतं टेकवलं की 'का', डावीकडे सरकवलं की 'कि', वर 'कु', उजवीकडे 'के', खाली 'को'. बटणांचा क्रमही अ, क, स, त, न, ह, म, य, र, व असा. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या अभ्यासातून इथे नेलेल्या वर्णमालेचाच हा वारसा, त्यामुळे मराठी माणसाला तो दोन दिवसांत जमतो. लॅपटॉपवर मात्र बहुतेकजण रोमन अक्षरांत उच्चार टाइप करतात, त्याचं जपानी लिपीत रूपांतर होतं आणि मग योग्य कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेलं अक्षर, निवडावं लागतं. सगळं आयुष्य फोनवर गेलेल्या मुलाने हा द्राविडी प्राणायाम हौसेने का करावा?

सरकारला हे उशिरा उमगलं. २०१८च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत वर्गात डिजिटल साधनं वापरण्यात जपान ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटात तळाला होता. मग शाळेतल्या प्रत्येक मुलाला उपकरण देणारी 'गिगा स्कूल' योजना आली, करोनामुळे तिला वेग आला आणि २०२१पर्यंत प्राथमिक-माध्यमिक शाळांत जवळपास प्रत्येक मुलाच्या हातात उपकरण आलं. एप्रिल २०२२पासून उच्च माध्यमिकमध्ये 'जोहो १' हा माहितीशास्त्राचा विषय सक्तीचा झाला. प्रोग्रॅमिंग त्यातच येतं.

जानेवारी २०२५पासून विद्यापीठांच्या सामायिक प्रवेशपरीक्षेतही तो आहे: १०० गुण, ६० मिनिटं. पण पेपर कागदावर, उत्तरं गोळे काळे करून. प्रोग्रॅमसुद्धा छापील वाचायचा. लाखो मुलांची परीक्षा एकाच वेळी घ्यायची तर दुसरा मार्ग अवघड, हे मान्य. तरीही मला याचं वाईट वाटतं, कारण कॉम्प्युटर हा आणखी एक क्लास लावायचा विषय होऊन बसतो. चालवून बघावं, बिघडवावं, पुन्हा जुळवावं, ही त्यातली खरी गंमत मुलांपर्यंत पोचतच नाही.

तोक्योतल्या निशिकासाई या भारतीयांच्या वस्तीतल्या आपल्या मराठी घरांतही चित्र फार निराळं नाही. आईबाबा आयटीतले, घरात दोन-तीन लॅपटॉप. पण मुलांच्या लेखी लॅपटॉप म्हणजे रात्रीच्या मीटिंगा. त्यांना दुसरं काही दाखवायला आपल्यालाही वेळ होत नाही. तिकडे गावाकडे तर कित्येक मुलांचा एकमेव कॉम्प्युटर म्हणजे घरातला मोबाइल, म्हणून ही काळजी मला फक्त जपानची वाटत नाही.

शेजारच्या मुलीचं घोडं पुढे सरकलं ते तिच्या बँडमुळे. शाळेच्या वाद्यवृंदात ती क्लॅरिनेट वाजवते. सरावाच्या खोल्या कमी, त्यामुळे पाळ्यांवरून रोज वाद. आम्ही दोघींनी बसून त्या पाळ्या पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मांडल्या. पहिल्यांदा प्रोग्रॅमने एकाच खोलीत ट्रम्पेटवाले आणि ढोलवाले कोंबले, तेव्हा ती खो खो हसली आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते स्वतःच शोधायला लागली. टायपिंग अजून हळूच आहे. पण आता बाकीच्या मुली तिला आपापल्या वेळा फोनवरून पाठवतात, आणि ती लॅपटॉप उघडून त्या भरते. परवा विचारत होती, कोणी आजारी पडलं तर पाळी आपोआप कशी बदलायची.