पॉइंट सहा

दुपारी अंगात कणकण वाटली म्हणून थर्मामीटर लावला. 98.6. विश्वास बसेना, पुन्हा लावला. 98.9. तिसऱ्यांदा 98.4. काख तीच, थर्मामीटर तोच, आणि दहा मिनिटांत तीन आकडे. कॅल्क्युलेटरवर सरासरी काढली, तर 98.6333333. शाळेच्या प्रयोगवहीत असं उत्तर दिसलं की बाई त्या तिनांच्या रांगेवर लाल रेघ ओढायच्या. ‘तुझ्या उपकरणाने एवढं सांगितलं का गं?’ लघुत्तम माप एक दशांश, तर उत्तराने त्यापुढे बोलायचं नाही. एकक विसरलं की अर्धा गुण गेलाच.

त्या पॉइंट सहाचं मात्र मला हसू येतं. कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनी हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर ठेवून 1868 मध्ये सांगितलं, निरोगी अंग 37 अंश सेल्सिअस. चांगला गोळाबेरीज आकडा. त्याला 9ने गुणा, 5ने भागा, 32 मिळवा, की झाले 98.6 फॅरनहाइट. म्हणजे तो रुबाबदार पॉइंट सहा कुणाच्या अंगातून आलेलाच नाही, गुणाकारातून सांडलाय! (खुद्द सेल्सिअस यांनी 1742 मध्ये उकळत्या पाण्याला 0 आणि गोठणाऱ्या पाण्याला 100 दिले होते. ती पट्टी पुढे उलटवली नसती, तर ताप चढला की आकडा उतरला असता.)

आमच्याकडे थर्मामीटर बाबांचा. काचेचा. मनगटातून तीन झटके, मग पाच मिनिटं घड्याळाकडे बघणं. मग खिडकीशी जाऊन तो बोटांत हळूहळू फिरवायचे, कारण पारा एखाद्याच कोनात दिसतो, एरवी नुसती काच. सापडला की मान वाकडी करून डोळा बरोब्बर त्याच्या टोकासमोर आणायचे. पांघरुणातून मी निकालाची वाट बघत असायची. एवढा सगळा सोहळा करून बाबा म्हणायचे, ‘शंभर.’

कायम शंभरच. अंग भाजत असलं तरी शंभर. बाबांना दशांश येत नाहीत, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं.

गेल्या वर्षी ते तापाने झोपून होते. आता थर्मामीटर माझ्या हातात. तो वाजला, मी पटकन आकडा माझ्याकडे वळवला. 102.7.

‘किती?’ बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

‘शंभर.’

‘पॉइंट?’