पहिली ठासणीची बंदूक: पंचवीस हजारांतली नोंदवही

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात

ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू (बारूद) आणि गोळी ठासून भरायच्या बंदुकीचा, परवाना हाती आला. अर्ज टाकल्यापासून चौदा महिने गेले, त्यातले दोन-तीन माझ्याकडूनच कागद उशिरा गेल्यामुळे. सातबारा, पोलिस पडताळणी, शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं एस-१ प्रमाणपत्र, बंदूक कुठे आणि कशी ठेवणार याची लेखी हमी. ज्यांना या वाटेने यायचं आहे त्यांनी प्रशिक्षण आधी उरकून घ्यावं, बाकीचं मागून येतं.

बजेट पंचवीस हजार. यात फक्त बंदूक धरलेली नाही. गज (नळीत बार ठासायची लांब सळई), साफसफाईचं सामान, कुलपाची लोखंडी पेटी, कानावरचे मफ, डोळ्यांना चष्मा आणि बंदुकांच्या मिस्त्रीची तपासणी, सगळं यातच बसवायचं आहे.

आमचं गाव कारंजा घाडगे तालुक्यात, बोरचं जंगल फार लांब नाही. तुरीत रोही (नीलगाय) आणि भुईमुगात रानडुक्कर हे दरवर्षीचंच, त्यामुळे परवाना पीक संरक्षणाचा आहे. पण ओढ त्याच्याही आधीची. सहावीत असताना शाळेची सहल नागपूरच्या अजब बंगल्यात गेली होती. काचेआडच्या जुन्या बंदुकांपुढून मला मास्तरांनी हाताला धरून ओढून नेलं होतं. तोड्याची (जळत्या वातीने पेटणारी), चकमकीची (गारेच्या ठिणगीने पेटणारी) आणि टोपीची (घोड्याच्या ठोक्याने फुटणाऱ्या छोट्या टोपीने पेटणारी) यांतला फरक मला पुढे कितीतरी वर्षांनी कळला. १८१७ ची सीताबर्डीची लढाई पहिल्या दोन प्रकारांवर झाली. टोपीची बंदूक फौजांमध्ये त्यानंतर आली.

मला हवी होती रायफल. १८५३ ची एनफिल्ड, .५७७ इंच तोंडाची, नळीत तीन आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) आणि ७८ इंचांत एक फेरा. १८५७ च्या काडतुसांची कथा जिच्याभोवती फिरते तीच. दोन वर्षं तिचीच चित्रं पाहत होतो.

तोच आठवडा, उशिरा

रायफलचं खूळ अर्धं उतरलं, आणि उतरवलं ते कायद्याने. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ बसून नीट वाचलं. त्यात ठासणीच्या बंदुकीचं नाव घेऊन लिहिलेलं आहे: खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक. ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर पिकासाठीही दुसरी गुळगुळीत नळीची देता येते. आट्यांच्या नळीची वाट वेगळी. तिला सबळ कारण दाखवावं लागतं. माझ्या परवान्यावर जे लिहिलंय त्यात आट्यांची नळी बसत नाही. मीच आधी नीट वाचायला पाहिजे होतं.

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून आपल्याकडची बरीच पोरं चुकीची समजूत करून घेतात, म्हणून लिहितो. तिथे १९६८ च्या कायद्यात काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुका नेहमीच्या बंदुकांत धरत नाहीत, त्यामुळे तिकडचा माणूस सरळ दुकानातून उचलून आणतो. इटलीत गार्दोनेला पेडरसोली ही कंपनी १९५७ पासून जुन्या नमुन्यांच्या सुरेख नकला बनवते. त्या बघाव्यात आणि शिकावं. पण आपल्या साध्या माणसाला बाहेरून बंदूक मागवता येत नाही, नामांकित नेमबाजांची गोष्ट वेगळी. आपली निवड इथल्याच बंदुकांतून करायची: नवी कारखान्याची, किंवा परवानाधारकाकडची जुनी.

परवाना यायचाय त्यांनी तोवर .१७७ ची, २० जूलच्या आतली एअर रायफल घ्यावी. तिला परवाना लागत नाही आणि चाप सावकाश दाबायची सवय तिच्यावर उत्तम लागते. माझे चौदा महिने तिच्यावरच गेले.

तान्ह्या पोळ्यानंतर, नागपूर

पहिली बंदूक पाहिली. दुकानात, नवी, एकनळी, टोपीची, १६,५०० रुपये. नंबर स्पष्ट, प्रूफचा (नळीच्या दाबचाचणीचा) शिक्का स्पष्ट, लाकूड शिसवी आणि पॉलिश असं की तोंड दिसावं. मी जवळजवळ हो म्हणत होतो.

दुकानातले मिस्त्री पासष्टीचे असतील. त्यांनी बंदूक माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही लाकूड पाहून राह्यले. लाकूड मी बदलून देतो, नळी कोन बदलून देईन?"

मग त्यांनी पाऊण तास शिकवलं. माझ्यासाठी हा सगळ्या खटाटोपातला सर्वात मोलाचा पाऊण तास, म्हणून सविस्तर उतरवतो.

सगळ्यात आधी, कोणी काहीही सांगो, बंदूक भरलेली आहे असं धरायचं. तोंड सुरक्षित दिशेला. गज हळूच नळीत सोडायचा, तळाला टेकला की तोंडाशी बोटाने खूण धरून बाहेर काढायचा आणि नळीच्या बाहेरून लावून पाहायचा. रिकामी असेल तर गजाचं टोक निपलाच्या (ज्या बोंडावर टोपी बसते त्याच्या) जवळपास पोचतं. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. तिथे तपासणी संपली, पुढचं काम मिस्त्रीचं.

रिकामी आहे हे पक्कं झाल्यावर घोडा. अर्ध्यावर चढवायचा आणि चाप दाबायचा. पडता कामा नये. अंगठ्याने पुढे ढकलला तरी पडता कामा नये. अर्ध्यावरून सुटणारा घोडा म्हणजे शेताच्या बांधावर चालताना होणारा अपघात. मग पूर्ण चढवून, अंगठ्याने धरून, सावकाश खाली आणायचा आणि तो निपलावर कुठे टेकतो ते पाहायचं. मध्यावर बसला पाहिजे. या नव्या बंदुकीचा जरा डावीकडे बसत होता. अशी टोपी कधी फुटते, कधी नुसतीच चेपते.

निपलाचे आटे पाहायचे. निपल झिजला तर दोनशे-तीनशेत नवा मिळतो, पण तो ज्या भोकात बसतो त्याचेच आटे गेले असतील तर ती बंदूक सोडून द्यायची. बार निघताना तिथली सगळी वाफ तुमच्या डोळ्याच्या दिशेने येणार.

शेवटी नळी. बाहेरून दोन बोटं घट्ट धरून तोंडापासून तळापर्यंत फिरवायची. कुठे अंगठीसारखा फुगवटा लागला तर गोळी दारूवर नीट न बसवता कोणीतरी बार काढलेला आहे. मध्ये पोकळी राहिली की दाब तिथे साठतो आणि नळी तिथे फुगते. फुगलेली नळी दुरुस्त होत नाही. मग निपल काढून आत बारीक दिवा सोडायचा आणि तळ पाहायचा. तोंडाशी चकचकीत आणि तळाशी खड्डे, अशा नळ्या फार. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर राख होतो, त्यातली काही धुराबरोबर जाते, बाकी नळीतच राहते आणि ती राख हवेतलं पाणी ओढते. पावसाळ्यात एक रात्र न धुता ठेवली की सकाळी तळाशी गंज धरायला सुरुवात. आमच्याकडच्या आषाढातल्या दमट हवेत तर विचारूच नका.

मिस्त्री जाताजाता अजून एक बोलले. १२ बोरची काडतुसं फोडून त्यातली दारू ठासणीच्या बंदुकीत घालणारे त्यांनी पाहिलेत, आणि त्यातल्या एकाचा हातही पाहिला आहे. ती दारू बिनधुराची, तिचा दाब वेगळाच. ठासणीच्या बंदुकीत काळी बारूद आणि फक्त काळी बारूद, तीही परवान्यावर लिहिली असेल तेवढीच आणि परवान्याच्या दुकानातलीच.

घोड्याचं सरळ करून देऊ म्हणाले. तरीही मी थांबलो. १६,५०० गेले असते तर बाकीच्या सामानाला साडेआठ उरले असते, आणि पहिल्या बंदुकीला एवढी घाई कशाला?

नवरात्रात

वरूडकडचे ओळखीचे एक काकाजी. त्यांच्याकडे आजोबांपासून चालत आलेली बंदूक, परवाना त्यांच्या नावावर, दरवेळी नूतनीकरण केलेला. फोनवर म्हणाले, एनफिल्ड आहे. मी सकाळी सहालाच निघालो.

कुलपाच्या, म्हणजे घोडा-चापाच्या यंत्रणेच्या, पट्टीवर मुकुट आणि व्हीआर (राणी व्हिक्टोरियाची खूण) आणि टॉवर ही अक्षरं. हात लावताना खरंच अंगावर काटा आला. दीडशे वर्षांहून जुनं लोखंड.

मग गज सोडला. निपलापासून पाच बोटं अलीकडेच टेकला.

पुन्हा सोडला. तेवढ्यावरच. काकाजी म्हणाले, "रिकामीच हाये, बाबा गेल्यापासून कोनी हात नाही लावला." बाबा जाऊन एकतीस वर्षं झाली होती. म्हणजे एकतीस वर्षं भरलेली बंदूक देवघराच्या भिंतीवर होती, खाली नातवंडं खेळत होती, आणि दर दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू वाहिलं जात होतं. काळी बारूद कोरडी राहिली तर इतक्या वर्षांनीही पेट घेते. काकू दारातच बसल्या.

आम्ही कोणीही आतलं काढायचा प्रयत्न केला नाही. निपलावर टोपी नाही हे पाहिलं, तोंड भिंतीकडे करून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी काकाजींनी स्वतः परवाना सोबत घेऊन ती नागपूरला मिस्त्रींकडे नेली. त्यांनी निपलातून पाणी सोडून दारू भिजवली आणि पेचाच्या गजाने सगळं बाहेर काढलं. छर्रे होते, मूठभर.

ज्यांच्या घरी आजोबांची भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, भिंतीवर आहे त्यांनी ही नोंद वाचून झाल्यावर आधी गजाची खूण पाहावी. परवानाधारक वारला असेल तर ती घरात ठेवताच येत नाही, ठाण्यात किंवा परवान्याच्या दुकानात जमा करावी लागते. "जुनी आहे, शोभेची आहे" हे चालत नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही अशीच बंदूक कायद्याच्या बाहेर राहते.

रिकामी झाल्यावर आत दिवा सोडला. आटे नव्हतेच. गुळगुळीत. मला वाटलं झिजले असतील, पण मिस्त्रींनी तोंड मोजलं तर .६५६ इंचाच्या आसपास भरलं. तेव्हा उलगडलं. १८५७ नंतर इंग्रजांनी बहुतेक हिंदी शिपायांच्या हातात आट्यांची एनफिल्ड ठेवली नाही. त्याच साच्याची, पण गुळगुळीत नळीची बंदूक त्यांच्यासाठी काढली, म्हणजे तिचा नेम गोऱ्या पलटणीच्या रायफलीइतका लांब जाऊ नये. इतके दिवस जिची चित्रं पाहिली तिचं हे आपल्या वाट्याला आलेलं रूप हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो.

घेतली नाही. तळाशी खड्डे खोल होते, मिस्त्री म्हणाले हिच्यात बार काढू नका. काकाजींनाही आता ती द्यायची नाही. बरं झालं.

कार्तिकात

मिळाली. गावापासून अठरा किलोमीटरवर एक शेतकरी, वय सत्त्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून परवाना सोडायचा होता. एकनळी, टोपीची, १२ बोर. दिसायला अगदी साधी. दस्त्याला मनगटाशी, म्हणजे हाताने धरायच्या बारीक भागाशी, जुनी चीर आणि तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. लाकूड उन्हाने पांढरं पडलेलं. चित्र काढावं असं काहीही नाही.

गज सोडला, निपलापर्यंत गेला. अर्धा घोडा दगडासारखा. फुगवटा नाही. आत दिवा सोडला तर तळापासून तोंडापर्यंत आरसा. मी विचारलं, आजोबा, कशी ठेवली? ते म्हणाले, "बार काढला का त्याच सांजेले कढत पानी. जेवनाच्या आधी. माह्या बापानं तसंच शिकवलं होतं." पन्नास वर्षं. कढत पाण्याने राख विरघळते आणि तापलेली नळी आपोआप कोरडी होते, मग तेलाचा हात.

७,००० ला ठरली. घासाघीस केली नाही, अशी नळी नव्यातही मिळणार नव्हती.

एका व्यक्तीकडून दुसऱ्याकडे बंदूक जाताना आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर पूर्ण ४५ दिवस थांबावं लागतं. आजोबांनी सही केली, मी पोच घेतली. पैसेही ४५ दिवसांनंतरच द्यायचे ठरले. मधल्या काळात बंदूक त्यांच्याकडेच. मी दोनदा नुसताच पाहून आलो.

एकाने सुचवलं की नळी सहा इंच कापून घे, बांधावर हलकी पडेल. नळी कापून घेणं हा गुन्हा आहे, कलम ६. आणि एवढी नळी जपलेल्या माणसाकडून घेऊन तिला करवत लावायची?

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी

घरी आली. परवान्यावर नंबर चढला.

हिशेब: बंदूक ७,०००. मिस्त्रींची तपासणी आणि नवा निपल १,१००. मनगटाची चीर आतून चिकटवून पितळी खिळ्याने बांधली, ९००. भिंतीला बोल्टने आवळलेली पेटी ५,२००. मफ आणि चष्मा १,८५०. पितळी गज इतवारीतून दांडा घेऊन लेथवर करून घेतला, टोकाला पेच आणि ब्रश बसेल असा, ७५०. लाकडी गज जुना होता, उभा चिरला तर तळहातातून आरपार जातो, म्हणून तो फक्त आठवण म्हणून ठेवलाय. एकूण १६,८००. उरलेले ८,२०० बारूद, टोप्या आणि शिशासाठी, पण ते अजून आणलेलं नाही. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय डुकरावर नेम धरायचा नाही हे घरात सगळ्यांसमोर सांगून झालंय. पहिले बार कागदावर, मातीच्या उंच ढिगापुढे, आणि तेही ठाण्यात विचारून.

आज फक्त धुतली. चुलीवर पाणी उकळलं, निपल काढला, नळीत ओतलं. खालून स्वच्छ पाणी आलं. आजोबांनी देण्याआधीसुद्धा धुऊन ठेवली होती.

मग पितळी गज रिकाम्या नळीत तळापर्यंत सोडला आणि तोंडाच्या बरोबर रेषेत कानसीने खोल खाच पाडली. रिकामीची खूण. बायकोला आणि मुलीला दोघींना बोलावून दाखवली: ही खाच तोंडाशी बुडाली तरच रिकामी, वर दिसली तर भरलेली. दोघींनी आपापल्या हाताने गज सोडून पाहिला.